आईच्या नावाची सोनेरी अक्षरं

१७ जानेवारी

संक्रांतीला आई कोयनानगरहून आली ती राहिलीच. बाबा गेल्यापासून दोन दिवसांच्या वर कधी थांबत नाही, यंदा परत जायचं नाव काढेना. मला बरंच आहे. व्हॅलेंटाइनच्या कार्डांच्या ऑर्डरी अंगावर आल्यात, सांगलीचं दुकान रोज फोन करतंय, अन् हात दोनच.

आज शेजारी हळदीकुंकू. आई गेली नाही. माझ्या टेबलाशी येऊन बसली. "दे मला बी कायतरी." हीट गन दिली हातात. स्टॅम्प मारला तिथं पावडर चिकटलेली, राखेसारखी मळकट. गरम हवा लागली अन् अक्षरं वितळून वर आली, चमकायला लागली. आई दचकलीच.

"आगं बया! जितं झालं की गं हे!"

दिवसभर गन सोडली नाही.

२० जाने.

आईचा हात माझ्यापेक्षा हलका. शाई पसरताना मी ब्रश दाबते, कागद खरवडतो. ती कागदाच्या बाहेरनं गोल गोल फिरवत आत येते, निळ्यात गुलाबी कुठं मिसळला ते कळतसुद्धा नाही. दोन कार्डं जाळली मात्र. गन एका जागी धरून कसल्यातरी विचारात बसते. विचारलं तर "काय न्हाई".

२४ जाने.

आई म्हणते लग्नाची कार्डं करायची आहेत. थोडीच.

"कुणाचं लग्न?"

"हाय कॉलनीतल्या वळखीचं."

डिझाइन तिनंच ठरवलं. खाली धरणाचं पाणी, वर हिरवे डोंगर, आभाळ उजाडतानाचं. नावं सोनेरी, हातानं लिहिलेली. आज दोघींनी मिळून मागचे रंग पुरे केले. सुंदर झालीत. इतकं मन लावून मी ऑर्डरीचं काम करत नाही.

२७ जाने.

 

दुपारी नावं घालायला बसलो. आईनं चिकट शाईचं पेन घेतलं, म्हणाली मीच लिवते. त्या शाईला रंग नसतो, लिहिलेलं दिसत नाही. मी पावडर टाकली, झटकली, गन लावली. वरचं नाव उठलं. सुमन.

म्हटलं, "आई, चुकलं बघ. तुझंच नाव लिहिलंस."

"चुकलं न्हाई."

गन चालूच. खालचं नाव उठत होतं. शंकरराव. कागद तपकिरी झाला, धूर आला, तरी मला हात मागं घेता येईना. शेवटी आईनं बटण बंद केलं.

शंकरकाका. वीजघरात बाबांच्या शिफ्टमधले. बाबांना ज्या चौघांनी खांदा दिला त्यातले एक. त्यांची बायको जाऊन आता खूप वर्षं झाली.

आई बासष्ट वर्षांची आहे!

२८ जाने.

बोलू नये ते बोलले. "बाबा असतानाच होतं का हे?"

आईनं थोबाडीत मारली. मी चाळिशीची बाई, माझ्या पोरीसमोर. लहानपणी कधी हात उचलला नव्हता तिनं. मग स्वैपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच परत.

 

३० जाने.

ह्यांना सांगितलं. वाटलं भडकतील. जेवता जेवता थांबले, म्हणाले, "शंकरकाका? माणूस चांगला हाय की." अन् भाकरी मागितली. ह्या घरात धक्का काय तो मलाच?

विकासला फोन केला. धाकटा भाऊ, फौजेत, सध्या राजस्थानात. ऐकल्या ऐकल्या म्हणाला, "ताई, मी येस्तोवर तिला तिथनं हलू देऊ नकोस. युनिटमधी निम्मी पोरं आपल्याच भागातली हायत. साहेबाला काय सांगू, आईचं लगीन हाय, रजा द्या?"

आईशी बोल म्हटलं. ठेवून दिला.

२ फेब्रु.

आई म्हणाली, मला पोचव. ह्यांनी गाडी दिली. पलूस ते कोयनानगर, घाटात एवढी वळणं, मी समोर बघून गाडी चालवत राहिले.

आईच्या घराच्या पायरीवर काका वाट बघत होते. माझ्याकडं नजर वर करेनात. आत आलो, आईनं गॅसशी जायच्या आधी त्यांनीच चहा ठेवला. "वैशाली, तू न्हाई म्हणलीस तर मी..."

पुढचं राहिलंच. जमीन हलली. फळीवरची भांडी वाजायला लागली. कोयनेत भूकंप नेहमीचाच, पण माझी सवय मोडलीय. मी खुर्चीला चिकटून बसले. काकांनी गॅस बंद केला, आईच्या कोपराला धरून तिला उंबऱ्याबाहेर नेलं, मग माझ्यासाठी परत आत आले. आरडाओरडा नाही, काही नाही.

थांबल्यावर काकांनी आईला विचारलं, "घाबरलीस?"

आई म्हणाली, "लय न्हाई."

काका चहा बघायला आत गेले. अंगणात आई माझ्याशी मोकळं बोलली, त्या थोबाडीतनंतर पहिल्यांदाच. "तुझा बा गेल्यावर पयल्यांदा हाललं तवा मी एकलीच हितं हुभी हुते. भ्या न्हवतं वाटत गं. घाबरलीस का म्हणून इचारायला कोण न्हवतं."

मी दर रविवारी फोन करते तिला. जेवलीस का विचारते.

बाबा, तुम्हाला काय वाटलं असतं? मला काहीच ठरवता येत नाहीये.

४ फेब्रु.

कार्डं अर्धवट इथंच पडलेली, म्हणून आईला घेऊनच परत आले. उरलेल्या कार्डांवर नावं घातली, ह्या वेळी मी लिहिली. 'सुमन' सरळ आलं. पुढं पेन अडलं. तिच्या नावाशेजारी बाबांचं नाव बघायची डोळ्यांना सवय. रेशनकार्डावर, माझ्या लग्नपत्रिकेत. आई बघत होती. मग मी लिहिलं.

एकही कार्ड जळू दिलं नाही.

विकासचं कार्ड मात्र आईनं एकटीनं केलं. पोस्टानं कधी पोचायचं म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. दोन्ही टिक्स निळ्या झाल्या, म्हणजे बघितला. उत्तर नाही.

७ फेब्रु.

सकाळी विकासचा मेसेज. "सुटलोय. उद्या पोचतो." एवढंच. लगेच फोन लावला, उचलत नाही. ह्यांनी लावला, तोही नाही.

लग्न परवा, देवळात. काकांचा फोन आला, "पोरगा चिडला असंल तर ढकलूया का पुढं?" आईनं माझ्या हातातनं फोन घेतला. "काय ढकलायचं न्हाई," म्हणाली.

मग विकासचा मेसेज परत वाचायला मागितला. तीन शब्दांत काय शोधत होती कुणास ठाऊक.

"कशापायी येत असंल गं?"

"माहीत नाही, आई."

ती उठली. बोटांना लागलेली ऑर्डरीच्या कार्डांची शाई साबणानं घासली, निघाली तेवढी निघाली. पदराला हात पुसत म्हणाली, "जावईबापूंना मटण आणाय सांग. भांडाय येत असंल तर जेवून भांडंल."