बोटीची लांबी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे आणि बोटही आतून कोरडी आहे. तुमचा जुना पंप कुरकुरत का होईना, पाणी उपसतो.

कालव्यात बोट ठेवायच्या परवान्याची फी यंदा पुन्हा वाढली. ती लांबीवर असते, हे तुम्हाला माहीत आहेच. मोजणीवाला एकटाच आला होता, म्हणून टेपचं दुसरं टोक मीच धरलं. माझ्या जन्माच्या वेळी तुम्ही मागे जोडलेली खोलीसुद्धा त्यात आली. टोक वीतभर आत धरता आलं असतं. पण तुमच्या हाताखाली शिकलोय, नेमकं काठावर धरलं.

बोट विकायचं अजून ठरलेलं नाही, नुसती चौकशी करतोय. बघायला येणारे आधी लांबी विचारतात आणि चहा न घेताच उठतात. लांबी ऐकून खूश झाला तो एकटा भंगारवाला. सोमवारी तो पुन्हा येतोय.

ताईच्या तिसऱ्या मजल्यावरून कुठे पाणी दिसतं का हो?

गुडघे बरे झाले की बोटीवर परत येतो, असं तुम्ही लिहिलंत. बाबा, घाई नको. सावकाश बरे होऊ द्या.

तुमचाच,
धाकटा