शुक्रवारचा थर

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पुन्हा चुंबक! नीलमाच्या स्फटिकावर चढवलेला जस्त-ऑक्साइडचा थर, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही — आणि मोजणीयंत्रावर सरळ रेघेऐवजी छान फुगलेलं वेटोळं. सलग तिसरा शुक्रवार. सोमवार ते गुरुवारचे थर मात्र सगळे मेलेले, चुंबकत्व शून्य.

माझे मार्गदर्शक सर खूश. "शुक्रवारी जन्मलीस म्हणून तर तू अफुआ. शुक्रवारचा थर तुलाच वश होणार." मी म्हटलं, सर, थराला वार कळत नाही. "त्याला नसेल कळत. तुला कळतो ना?"

हा थर टिकला तर डॉक्टरेट, नाहीतर सहा वर्षं पाण्यात. 'कधी संपणार' हे विचारणं आईने सोडूनच दिलंय.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आठव्या दिवशी थराचं बारसं! आमच्याकडे माणसाच्या बाळाचं करतात तसंच, सरांच्या खोलीत. आधी पाण्याचा थेंब, मग जिनचा. "पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण," सर थराला बजावत होते. नाव कोफी — शुक्रवारच्या मुलाचं दुसरं काय ठेवणार. एक थर चढवायला अख्खा दिवस जातो आणि हे त्याला दारू पाजतात!

आंटी डेडे, प्रयोगशाळेचं सामान यांच्या ताब्यात. टाळ्या वाजवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि दर शुक्रवारसारख्या दुपारीच कुणाच्या तरी मयताला गेल्या.

सोमवार, १४ ऑक्टोबर

मेले मी. शुक्रवारी कपाट बंद. प्लास्टिकचे चिमटे कपाटात. मग शुक्रवारी स्फटिक उचलते कशाने? पर्समधल्या भुवया कोरायच्या चिमट्याने. पोलादी!

कोरा स्फटिक घेतला. थर नाही, काही नाही. त्या चिमट्याने चार ठिकाणी धरला. लोखंडाचा कीस लागला असणार, दिसला नाही. मोजला. वेटोळं कोफीपेक्षा गुबगुबीत.

म्हणजे कोफीचा बाप माझा चिमटा. आधी हसत सुटले, मग रडले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चिमटा कुठून घेतलास?" माकोला बाजारातून. "त्या चिमट्यावर एखादा शोधनिबंध छापून येईल?" सर! "बरं. तोंडी परीक्षेला येणाऱ्या परीक्षकबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी बारसं घातलंय. मला तोंड उघडता येत नाही."

जेवायला वाचे, म्हणजे चवळी-भात, आणि शितोची तिखट चटणी होती, तशीच झाकून ठेवली.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

उद्या तोंडी परीक्षा. गप्प बसले तर डॉक्टर. भीती वाटते.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

परीक्षक कुमासीच्या डॉ. ओपोकुआ. सांगून टाकलं सगळं, भुवयांसकट. "खरं बोललीस," बाई म्हणाल्या. "पण मग या प्रबंधात उरलं काय?" काही नाही, मॅडम. "मग पदवी कशावर देऊ?" सर खिडकीबाहेर बघत होते. निघताना म्हणाल्या, "आठवडाभर प्लास्टिकच्या चिमट्याने मी स्वतः करून बघते. मेलाय याची खात्री केलेली बरी."

नापास. पण आज झोप लागेल.

शनिवार, २ नोव्हेंबर

कुमासीहून फोन. बाईंचा आवाज बसलेला. "अफुआ, सोमवारपासून रोज एक थर चढवला. पोलाद खोलीतसुद्धा येऊ दिलं नाही. चार मेलेले निघाले." मी म्हटलं, मग ठीकच आहे, मॅडम.

"कालचा जिवंत आहे."