हनुवटीवरच्या तीन रेघा

ती. मावशीस,

धाकट्या भाच्याचा नमस्कार, दोन हात लांबूनच. गुडघे काय म्हणतात? रक्तदाब? (आधी गोळी घे, मग पुढं वाच.)

मी मजेत आहे असं लिहायची रीत आहे, पण माझी पाचावर धारण बसली आहे. रविवारी फोटोंचं प्रदर्शन उघडतंय. आपल्याच जमातीतली बारा माणसं, कुणी बाईसोबत संसार मांडलेली बाई, कुणी मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी. सगळी माणसाच्या उंचीएवढी, ताठ मानेनं उभी. पहिली भिंत तुझ्या लेकीची. (हो, तू मुलगा म्हणून वाढवलंस तरी लेकच म्हणणार. पत्र फाडायचं असेल तर इथंच फाड.) गेल्या वर्षी तिनं आपल्या बायकांसारख्या हनुवटीवर तीन रेघा गोंदवून घेतल्या, हे तुझ्या कानावर आलं असेलच.

आता माझा पराक्रम ऐक. वीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढून हाताला खोड लागली आहे. माणूस समोर बसलं की मी ‘हसू नका, कान दिसू द्या’ म्हणतो, आणि नंतर संगणकावर तीळ, व्रण, डाग जे दिसेल ते साफ करतो. डोकं चहात, हात कामात. तसाच तिच्या हनुवटीवरून हात फिरला, आणि ज्या रेघांसाठी तिनं आठवडाभर सूज सोसली त्या मी अर्ध्या मिनिटात पुसल्या! छापून, चौकट करून, भिंतीवर टांगेपर्यंत मला पत्ता नाही. तिनं पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाली, “दादा, तूही घरच्यांसारखाच निघालास.” दोन दिवस झाले, फोन उचलत नाही. तिचा होकार आल्याशिवाय तो फोटो मी लावणार नाही, आणि तो नसेल तर बाकीचे कशाला लावू?

रागावू नकोस, पण हे वळण तुझंच. नोकरीच्या ओळखपत्रासाठी तुझा फोटो काढला तेव्हा तूच म्हणालीस, “ऑफिसात हसतात रे, तेवढं गोंदण काढ.” मी काढलं. तू पाठ थोपटलीस, मी फुशारलो. आता दोघांचीही लाज वाटते.

तुझा भाचा

ता.क. मूळ फोटो शाबूत आहे, रेघांसकट नवा छापून झाला. तेव्हा तुझ्याकडून काही नको.

ता.क. २ : ‘काही नको’ हे खोटं. फोटो काढताना तिनं शेजारी एक खुर्ची मांडायला लावली होती. “आई आली तर,” म्हणाली. दोन तास थांबलो, मग रिकाम्या खुर्चीसकट काढला. ती खुर्ची पुसणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे, पण हात धजत नाही. शनिवारी सकाळी स्टुडिओत ये. हनुवटीला पावडर न लावता.