बाबांसाठी भाजलेलं वशिंड

३ ऑगस्ट, रविवार

वाया गेलं! सकाळपासून ओव्हनपुढे बसून शेवटी मी चामडं शिजवलं.

डॉक्टर म्हणाले होते, "आता मागतील ते द्या." म्हणजे काय, ते मला कळतं. पण बाबा काही मागतच नाहीत — दोन चमचे पेज, की तोंड फिरवलंच. परवा एकदाच म्हणाले, "वशिंड खावंसं वाटतंय गं." मी धावतच खाटकाकडे! चरबीच्या बारीक रेषा असलेलं बैलाचं वशिंड निवडून आणलं. जाडं मीठ चोळलं, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं. आणि मग धीर कुठला? घडीघडी फॉइल उघडायची, काटा टोचून बघायचा. सगळी वाफ गेली, रस गेला.

खाटेवरून बाबा ओरडले, "वशिंड आहे ते, पाळण्यातलं पोर नव्हे! सारखं काय उघडून बघतेस?"

अख्ख्या कांपो ग्रांदे शहरातल्या लग्नांत ज्या माणसानं मांस भाजलं, त्याच्या पोरीनं हे दिवे लावावेत! एक घास चघळला त्यांनी आणि गुपचूप रुमालात काढला. मी मागच्या अंगणात जाऊन रडले.

५ ऑगस्ट

आज पेजही नको.

७ ऑगस्ट

शेजारच्या क्लेउझाकाकू तेरेरेचा गार चहा प्यायला आल्या. पेल्यात बर्फाचं पाणी ओतत म्हणाल्या, "अगं इवोनेची, एकदा अन्न नकोसं झालं की माणसाचं आटोपलंच समज. आमच्या ह्यांचं अस्संच झालं." हाकलून द्यावंसं वाटलं. पण पेला माझ्याकडे आला, त्याच नळीनं मीही प्याले. खोटं कुठे बोलत होत्या?

८ ऑगस्ट

अंघोळीला बाबांना एकटीनं उचललं. काहीच जड लागले नाहीत.

१० ऑगस्ट, रविवार

आज वडिलांचा दिवस. पुन्हा वशिंड आणलं. कशासाठी, देव जाणे! मला तर काही आशा नव्हती.

बाबांनी खाट स्वयंपाकघरात ओढायला लावली. "तुझा भरवसा नाही," म्हणाले. मी ओव्हनकडे हात नेला की, "हं! बस खाली." दुपार टळली तरी तेच. मग त्यांनीच नाक वर करून वास घेतला. "उघड आता."

नुसता चमचा लावला तर मांस सुटून आलं! आच वाढवून वरून लाल केलं. सोबत उकडलेला कसाव्याचा कंद.

आणि खाल्लं हो त्यांनी! चांगले चार-पाच घास. हनुवटीवर चरबी ओघळली. "मीठ कमी आहे," म्हणाले वर. माझं नाचायचंच बाकी होतं! भिंतीवरून क्लेउझाकाकूंना ओरडून सांगितलं. आता उठून बसतील, असं एवढंसं वाटून गेलं. वेडी मी.

११ ऑगस्ट

बाबांनी आज त्यांची भाजलेलं मांस कापायची सुरी मागून घेतली. आईलासुद्धा कधी हात लावू दिला नव्हता. म्यानासकट माझ्या मांडीवर ठेवली. "घे. इथून पुढे तूच काप." मग तळहात पुढे केला. "नाणं दे एखादं. सुरी फुकट घेतली तर नातं तुटतं, पोरी."

मी म्हटलं, "सुटे नाहीत, बाबा."

खिशात होती नाणी, पण नाणं दिलं की सुरी माझी आणि बाबा जायला मोकळे. वाजू नयेत म्हणून मुठीत धरून बसले.