लॅमिनेट केलेली नर्तकी

बाबा, ती नर्तकी अजून माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. प्लास्टिक कडेनं पिवळं पडलंय, पण ती तशीच, पांढऱ्या झग्यात, तळ्याकाठी चवड्यांवर उभी. तिच्यावरून मी तुमच्याशी खोटं बोलले होते. ते दुरुस्त करायचं राहून गेलं, म्हणून हे लिहितेय.

तहसील कचेरीसमोरचं आपलं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान मला नेहमी आठवतं. जातीचा दाखला असो की मार्कशीट, मशीनमधून निघालेला गरम कागद तुम्ही दोन्ही हातांनी लोकांना द्यायचात. आजोबांचा शाळेचा एकुलता एक दाखला वाळवीनं खाल्ला आणि हाती आलेली नोकरी गेली, हे तुम्ही कधी विसरला नाहीत. आपल्या घरात शिक्का असलेला प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये गेला. माझी लग्नपत्रिकासुद्धा, तिच्यावर शिक्का नसताना.

आई गेल्यावर तुम्ही सहा महिन्यांसाठी अमेरिकेत माझ्याकडे, वेस्ट विंडसरला आलात. मी विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात पियानोवर वाजवायच्या जुन्या, छापील स्वरलिपीच्या वह्यांची यादी करत होते. ज्यांना थिएटरात जाणं जमायचं नाही ते ऑपेरातली गाणी, बॅलेचं संगीत घरी वाजवायला या वह्या विकत घ्यायचे, आणि मुखपृष्ठावर त्यातलाच प्रसंग छापलेला असायचा. "म्हणजे चित्रं बघायचा पगार!" तुम्ही हसला होतात. तुम्हाला दाखवायला म्हणून एका शनिवारी मी एक वही घरी आणली. असं आणायला सक्त मनाई होती.

"ही कोण गं?"

"मेलेली मुलगी आहे, बाबा. लग्नाआधीच गेली. आता भूत होऊन नाचतेय."

तुम्ही बराच वेळ बघत बसलात. "मग हिला जपायला हवं," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मी ग्रोसरी घेऊन आले तर लेक दारातच नाचत होती. "मॉम, आजोबा मेड इट सो शायनी!" तिच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेलं लॅमिनेशनचं छोटं मशीन डायनिंग टेबलावर. आतली पानं हलक्या हातानं सोडवून बाजूला रचलेली. आणि तुम्ही मुखपृष्ठ दोन्ही हातांत धरून उभे. ते अजून गरम होतं.

"कडा तुटत होत्या गं. आता शंभर वर्षं काही होत नाही हिला."

तो गोंद वितळून कागदात मुरतो, बाबा, पुन्हा निघत नाही. हे मी तुम्हाला शांतपणे सांगू शकले असते. मी ओरडले. लेकीसमोर ओरडले. "माझी नोकरी गेली आता, तुमच्यामुळे!" तुम्ही खुर्चीत बसता आणि नखानं प्लास्टिकचा कोपरा उचकटायला लागता. ते नख मला अजून दिसतं.

सोमवारी मी बॉसला सगळं सांगितलं. तिनं चित्र उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली की घरी तू नेलंस, तेव्हा चूक तुझी, वडिलांची नाही. याच वहीच्या याहून चांगल्या दोन प्रती आपल्याकडे आहेत. फाइलमध्ये एक ताकीद लागली आणि विषय संपला. ते चित्र तिनं माझ्याच हातात दिलं, इथे तुझ्या टेबलासमोर लावून ठेव म्हणाली.

घरी आले तर दार तुम्हीच उघडलंत. "काय म्हणाले?"

"बघू," मी म्हणाले.

तुम्ही तिकीट बदलून तीन आठवडे आधी परत गेलात. मग दर रविवारी फोनवर तेच, "नोकरीचं काही कळलं का गं?" आणि मी, "चौकशी चाललीय, बाबा." थंडीत काकांचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काका म्हणाले, अमेरिकेहून आल्यापासून तुम्ही मशीनवर चादर टाकलीत ती काढलीच नाहीत. लोक कागद घेऊन यायचे, त्यांना तुम्ही पलीकडच्या दुकानात पाठवायचात. माझ्या हातून पोरीचं वाटोळं झालं, एवढंच म्हणायचात.

कामात होते, सवड मिळाली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ सांगितलं. ते खरं नाही. जन्मभर तुमचं बरोबर असायचं आणि माझं चुकायचं. एकदा तुम्ही चुकलात, आणि मला ते थोडे दिवस तसंच राहायला हवं होतं. मला बरं वाटत होतं, बाबा.

हा कागद मी चित्राच्या मागे ठेवेन, प्लास्टिकशिवाय. माझी नोकरी गेली नव्हती. ग्रंथालयातल्या त्याच टेबलाशी बसून लिहितेय.