पॉइंट चार खेकडा

६ फेब्रुवारी
आजपासून मस्ती बंद. एकच शेवटची.
भाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात नवीन सॉफ्टवेअर आलंय. कॉलेजवाल्यांचे रिसर्च पेपर त्यात टाकायचे, ते चुका लाल करून देतं. चालवतो मी. म्हणजे पार्ल्यात आता सायंटिस्ट मीच.
रेवती पेनड्राइव्ह ठेवून गेली. पीएचडीवाली, गोराईच्या खाडीतले खेकडे मोजते. लॅपटॉप मेलाय तिचा. रिपोर्ट फुल हिरवा. म्हणजे उद्या घेऊन जाणार, परत येणार नाही. असं कसं चालेल?
तिच्या फाइलमध्ये ३.४५ चं ३.४७ केलं. एवढ्याने खेकड्यांचं काय बिघडतं?

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
झकास लाल! टूल म्हणतं, चिखलात दोरीने आखलेल्या वीस चौकोनांची ही सरासरी येऊच शकत नाही, एकूण ६९.४ खेकडे होतात. रेवती म्हणाली, पॉइंट चार खेकडा कुठून आला रे? मी म्हटलं, नांगी असेल. हसली. दोन चहा झाले.
प्लॅन: दोन दिवसांनी चूक मीच 'शोधणार'. मग विचारून टाकणार.

९ फेब्रुवारी
आली नाही. फोन केला. मोजणीची वही खाडीत पडली होती म्हणे, उरलीय ती फक्त त्या फाइलमधली सरासरी. आता फाइलचाच भरवसा नाही, म्हणून सगळं परत मोजायला गोराईला चाललीय. वीस तारखेला सहाच्या आत पेपर गेला नाही तर फेलोशिप बंद. वर म्हणाली, थँक्स यार ग्लेनरॉय, नाहीतर खोटा आकडा छापला असता.
इतकं गोड बोलल्यावर कसं सांगणार? उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी
वेन्डीला सांगितलं. बहीण आहे की वैरीण! म्हणाली, गणितात सतरा मार्क तुला, आणि पीएचडीवालीचे आकडे बदलतोस? लाव फोन आत्ता.
फोनवर बरं दिसत नाही. तोंडावर सांगेन.

१५ फेब्रुवारी
सांगायलाच गोराईला गेलो. ती गुडघाभर चिखलात, बोटाला पट्टी. म्हणाली, बरा आलास, दोरी धर. चार तास धरली. लाइफचा बेस्ट दिवस.
सांगितलं नाही. मोजणी चुकली असती.

१८ फेब्रुवारी
रेवती दुकानात येऊन फाइलमध्ये काहीतरी टाइप करून गेली. वीसपैकी अकराच चौकोन झालेत, आणि जुन्याशी जुळत नाहीत. म्हणाली, डिसेंबरात मोजलेले खेकडे आता कुठून आणू? डोळे लाल. मी चहा सांगितला. प्यायली नाही.

२० फेब्रुवारी
दुपारी ठरवलं, बस. खरा आकडा टाकायचा, तिला फोन करायचा, पेपर वेळेत जाईल. फाइल उघडली. शेवटच्या पानावर आभार. मृणालिनी मॅडम, आई, आणि खाली: ग्लेनरॉय, ज्याने माझी चूक वेळेवर पकडली.
माझं नाव कुठे छापून येणार, पहिल्यांदाच. तीनदा वाचलं. सांगितलं तर ही ओळ जाणार. जरा विचार करू म्हटलं.
सव्वासहाला तिचाच फोन. अर्धवट मोजणीवर पेपर पाठवलाच नाही म्हणाली.

२१ फेब्रुवारी
सांगितलं. सगळं.
शिवी घालेल वाटलं. घातली असती तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसली. आधी माझी ओळ उडवली. मग ३.४५ टाकलं. म्हणाली, चालव.
सगळं हिरवं.
म्हणाली, प्रिंट काढ. कोणाला दाखवणार, हे विचारायची हिंमत झाली नाही. काढून दिली. भाऊ मागून वाकून बघत म्हणाले, वा पोरी, एक पण चूक नाही!