पाचला उठायचं होतं

काष्टी, मंगळवार संध्याकाळ

तीन वर्षांमागं माझ्या वर्गातून दहावी झालेली तीन मुलं काल रात्री विहिरीवरच्या मोटरची केबल चोरताना सापडली. पोलीस यायच्या आत लोकांनी इतकं मारलं, की एकाचा हात मोडला. त्यांचा चौथा सोबती संदीप, ऊसतोड कामगाराचा मुलगा, गेलाच नव्हता. आज विचारलं, "तू कसा राहिलास रे?"

"मॅडम, पाचला पळायला उठायचं हुतं. पोलीस भरती हाय ना."

पाचला उठायचं होतं! एवढ्यानं वाचला? त्या तिघांना मी कधी विचारलं का, पुढं काय करणार म्हणून? नाही.

मग तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "उंची मोजा, मॅडम." भरतीला लागते त्यापेक्षा दोन बोटं कमी भरली.

"बसतोय ना मी?"

मी हो म्हणाले.